पदवीचे शेवटचे वर्ष आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



विज्ञान शाखेच्या पदवीतील नव्या अपेक्षांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी १९७५ साली जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण झालो, दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली आणि पुढे अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले. विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी मी कधी चढलो नाही. तेव्हा जीवशास्त्राच्या पदवीविषयी मी बोलणे ही अनधिकार चेष्टाच होय. परंतु गेली तीन वर्षे माझी पुतणी शिक्षणाच्या निमित्ताने माझ्या घरी राहात आहे. प्राणिशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. आणि तिच्या प्रकल्पाने आमच्या पडवीचा अर्धा भाग आणि सौभाग्यवतींच्या लोणच्याच्या सात बरण्या व्यापल्या. ज्या गोष्टीने घरातील बरण्या जातात तिच्याविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार गृहस्थास प्राप्त होत असावा, असे समजून मी उभा राहिलो आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तिच्याविषयी गोंधळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांचा झाला. त्याचा आराखडा विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांनी तो २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून स्वीकारला. अभ्यासाचे माप आता श्रेयांकांत मोजतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या 'ऑनर्स' पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. प्रयोगशाळेतील वा क्षेत्रावरील कामाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात तीस तास. चौथ्या वर्षी ज्यांना संशोधन घेऊन ऑनर्स करावयाचे असेल त्यांनी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविलेले असावेत, आणि त्यांच्या संशोधन-प्रकल्पास १२ श्रेयांक आहेत. म्हणजे हिशेबाने तीनशे साठ तास. ज्यांना संशोधन करावयाचे नसेल ते त्याऐवजी अधिक विषय घेऊन ऑनर्स होऊ शकतात. याशिवाय तत्पूर्वीच क्षेत्र-प्रकल्प आणि मुले ज्यास 'ओजेटी' म्हणतात ते प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण असते. माझ्या पुतणीच्या महाविद्यालयात पाचव्या सत्रात क्षेत्र-प्रकल्प आणि सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचे, म्हणजे एकशे वीस तासांचे, असे प्रशिक्षण होते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत अशा शेवटच्या कामास 'कॅपस्टोन' म्हणण्याचा परिपाठ आहे. भिंत पुरी झाल्यावर तिच्या माथ्यावर बसविलेला दगड, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपल्याकडील काही सूज्ञ मंडळी त्यास 'कळस' म्हणतात. मला हे भाषांतर फारसे पटत नाही. कळस शोभेचा असतो. भिंतीवरचा हा दगड मात्र आत पाणी मुरू नये म्हणून बसवितात.

ही झाली नियमांची गोष्ट. ती कोणत्याही माहितीपत्रकात वाचावयास मिळेल. घरात काय घडते ते माहितीपत्रकात नसते, आणि मला बोलावयाचे आहे ते त्याविषयी.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना प्राणिशास्त्र म्हटले की मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसविलेला बेडूक आठवतो. तो आता इतिहासजमा झाला. २०१४ साली आयोगाने महाविद्यालयांतील प्राण्यांचे विच्छेदन थांबविले. माझ्या पुतणीने जो प्राणी निवडला तो आपल्या सर्वांच्या घरी विनामूल्य मिळतो. तो म्हणजे डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस इजिप्ती जातीचा डास. हा डास दिवसा चावतो, आणि त्याची मादी अंडी घालते ती पाण्यावर नव्हे, तर रांजणाच्या, पिंपाच्या किंवा कुंडीखालच्या बशीच्या आतल्या अंगास, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर. तेथे ती अंडी चिकटून बसतात. पाणी आटले तरी ती मरत नाहीत. कोरड्या भांड्यात कित्येक महिने तशीच राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटून अळ्या बाहेर पडतात. पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून पंख असलेला डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

सरकारी आरोग्य खाते आपणास सांगते की, आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळावा, भांडी रिकामी करावी, आणि घासून पुसून कोरडी करावी. आपण भांडी रिकामी करतो. घासण्याचे मात्र बहुधा राहून जाते. माझ्या पुतणीचा प्रश्न एवढाच होता: नुसते पाणी ओतून देणे आणि काथ्याने आतून घासून काढणे, यांत अळ्यांच्या दृष्टीने फरक किती पडतो? तिच्या मार्गदर्शक बाईंनी याहून मोठे चार प्रश्न नाकारून हा लहान प्रश्न ठेवला, हे मला त्या वेळी विचित्र वाटले होते. मुलीची बुद्धी मोठी आणि विषय रांजण घासण्याचा, असे मी घरी बोलूनही दाखविले. प्रश्न लहान असल्याखेरीज एका मुलीला एका सत्रात त्याचे उत्तर मिळत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात पुढे चार महिन्यांनी आली.

तिने आमच्या भागातील चाळीस घरे घेतली. प्रत्येक घरी जाऊन लेखी संमती घेतली. वीस घरांनी दर गुरुवारी पाणी ओतून द्यावयाचे, वीस घरांनी ओतून शिवाय घासावयाचे. आणि ही दर बुधवारी सकाळी विजेरी व पांढरे ओगराळे घेऊन घरोघर अळ्या मोजणार. सापडलेल्या अळ्यांपैकी काही बरणीत घालून, तोंडाला माझ्या जुन्या धोतराचा तुकडा बांधून, त्यांचे डास होईपर्यंत वाढवावयाच्या, कारण कोणत्या जातीच्या अळ्या आहेत याची खात्री पटवावी लागते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठाशी समांतर आडवी राहते आणि एडीसची डोके खाली करून तिरपी लोंबते, हे आता आमच्या घरातील मोलकरणीसही ओळखता येते. 'डासांना घरात पाळावयाचे आणि आम्ही मच्छरदाणीत निजावयाचे!' असे सौभाग्यवती म्हणाल्या. परंतु बरण्या त्यांनीच काढून दिल्या.

दुसऱ्याच आठवड्यात एका आजींनी तिला दारातूनच परत लावले. त्या म्हणाल्या, 'नळाला पाणी तीन दिवसांआड येतं, अन् तू ओतून टाक म्हणतेस. पाणी काय तुझ्या कॉलेजातून आणू?' मुलगी रडवेली होऊन घरी आली. त्या आजींचे म्हणणे पुस्तकात नव्हते. पण ते खरे होते. पुढे मार्गदर्शक बाईंच्या सल्ल्याने तिने आपल्या वहीत प्रत्येक घरी पाणी किती दिवसांनी येते याचा एक रकाना वाढविला. माझ्या मते त्या वहीतील सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे.

आता मी जे सांगणार आहे ते सांगण्यास मला संकोच वाटतो. परंतु ते वगळले तर हे सारे भाषण पोकळ होईल. आपल्या आळीत एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी जाण्यास वेळ लागत नाही. चौथ्या आठवड्यात असे आढळले की, ज्या वीस घरांनी नुसते पाणी ओतावयाचे होते त्यांपैकी सात घरच्या गृहिणींनी शेजारणीचे पाहून रांजण घासावयास सुरुवात केली आहे. चांगलीच गोष्ट, परंतु प्रयोगाच्या दृष्टीने ही तुलना बिघडली. शिवाय ती स्वतः तापाने आजारी पडल्यामुळे एका बुधवारची मोजणी झालीच नाही. अहवाल देण्यास दोन दिवस उरले आणि तक्त्यात ही एवढी जागा कोरी! रात्री ती कागद पसरून बसली होती. मी तिला म्हणालो, 'अगं, आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याचे आकडे आहेत ना? मधले अंदाजाने भर. आणि त्या सात घरांचे कोणास कळणार आहे?'

श्रोतेहो, हे मी सहजगत्या बोललो. अडतीस वर्षांच्या नोकरीत 'माहिती सायंकाळपर्यंत पाठवा' असे आदेश वरून यावयाचे, आणि अंदाजाने भरलेले आकडे माझ्याही हातून गेलेले आहेत. ती सवय जिभेवर होती. मुलीने वर पाहिले आणि म्हणाली, 'काका, आकडे असेच भरायचे होते तर मी चाळीस घरं कशाला हिंडले?' मला उत्तर देता आले नाही. मी उठून दिवा मालविण्याच्या निमित्ताने आत गेलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला सांगितले की, ती सात घरे वेगळा गट म्हणून दाखव, न झालेली मोजणी न झाली म्हणून लिही, आणि हे असे का घडले यासाठी अहवालात एक स्वतंत्र पान घाल. निष्कर्ष अर्थातच तिला वाटला होता तसा ठसठशीत निघाला नाही. घासलेल्या भांड्यांत अळ्या कमी दिसल्या. पण घरे थोडी, आठवडे थोडे, म्हणून याहून अधिक म्हणता येत नाही, असे तिने लिहिले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सारी पाने उलटली आणि त्या एका पानावर तिला बराच वेळ प्रश्न विचारले. तिने सर्वांची उत्तरे दिली, कारण त्या पानावर जे घडले होते तेच होते.

मी हे का सांगतो? आपल्याकडे महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प विकत मिळतात, हे आपणास ठाऊक आहे. सांप्रत तर संगणकास सांगितले की तो घटकेत पन्नास पाने लिहून देतो. उसना मजकूर शोधणारी यंत्रेही महाविद्यालयांपाशी आहेत. परंतु यंत्राच्या भीतीविषयी बोलावयास मी उभा नाही. मागील वर्षी आपल्याच समाजातील दोन पालक माझ्याकडे आले. मुलाच्या प्रशिक्षणाचे एकशे वीस तास भरल्याचा दाखला ओळखीच्या एखाद्या प्रयोगशाळेतून मिळवून द्यावा, म्हणजे मुलाचा वेळ स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीस मिळेल, अशी त्यांची विनंती होती. मुलाच्या हिताच्याच बुद्धीने ते आले होते. ओळखी माझ्याही आहेत. रांजणांचा प्रकार घडण्यापूर्वी ते आले असते तर मी दाखला मिळवून दिला नसता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

प्रशिक्षणाच्या बाबतीत दाखल्याइतकीच दुसरी एक फसगत होते. मुलगा तास प्रामाणिकपणे भरतो, पण काम असे मिळते की त्यातून काही शिकता येत नाही. आमच्या शेजारचा एक हुशार मुलगा रक्त तपासण्याच्या एका ठिकाणी महिनाभर पावत्या फाडीत बसला. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी पालकांनी तेथे जाऊन 'मुलगा रोज काय करील?' असे विचारावे. यात संकोच मानण्याचे कारण नाही. मुलगी देताना आपण याहून अधिक चौकशी करतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास जागांची वाण नाही. कृषी विज्ञान केंद्र, वनखात्याची रोपवाटिका, दूधसंघाची तपासणी शाळा, केळीची रोपे तयार करणारी ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, पाणी तपासणारी प्रयोगशाळा, अशी कितीतरी ठिकाणे आपल्या जिल्ह्यांतून आहेत. माझ्या पुतणीने हिवताप विभागात प्रशिक्षण घेतले. तेथे ती रक्ताचे जाड आणि पातळ लेप रंगविण्यास शिकली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास शिकली, आणि आरोग्य सेवकांबरोबर वस्त्यांतून हौदांत गप्पी मासे सोडीत हिंडली. वीस वर्षे हे काम करणारा एक आरोग्य सेवक दारातल्या माणसाशी पहिले वाक्य काय बोलतो, हे त्या महिन्यात मी शिकले, असे ती म्हणते.

तिच्या या हिंडण्यावर नातेवाइकांत बोलणे झाले. 'पदवी घेणारी मुलगी लोकांच्या मोऱ्यांत डोकावते', हे शब्द माझ्या कानांवर आले. माझ्या बंधूंच्याही कानांवर ते गेले आणि त्यांचे मन दुखावले. स्थळेही येऊ लागली आहेत. तीन वर्षांत पदवी हाती येत असता चौथे वर्ष कशास, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो निव्वळ हट्टाचा नाही. घरभाडे, प्रवास, पुस्तके यांचा खर्च एका वर्षाने वाढणार, आणि त्यांचे दुकान लहान आहे.

त्यांना घरी जे सांगितले तेच त्यांच्या अनुमतीने येथे सांगतो. ते आज या सभागृहात बसलेले आहेत. चार वर्षांची पदवी घेतलेल्यास एका वर्षाच्या एम. एस्सी.ची सोय आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यात आहे. तीन वर्षांची घेतलेल्यास एम. एस्सी.ला दोन वर्षे लागतात. म्हणजे ज्या मुलीला पुढे शिकावयाचेच आहे तिची वर्षे दोन्ही वाटांनी पाचच. आणि ७५ टक्के गुणांनी चार वर्षांची पदवी घेतलेल्यास पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट अर्ज करता येतो, असा २०२२ चा नियम आहे. जिला पुढे शिकावयाचे नसेल, लगेच नोकरी करावयाची असेल, तिने तीन वर्षांनी थांबण्यात काहीच कमीपणा नाही. पण ते तिने स्वतः ठरवून थांबावे; चौथ्या वर्षात असते काय हे घरातील कोणास ठाऊक नव्हते म्हणून तिला थांबावे लागू नये. माझ्या पुतणीचे सहा सत्रांचे गुण ७५ टक्क्यांच्या वर आहेत. संशोधनासाठी तिने प्रश्नही ठरविला आहे: ज्या घरी पाणी रोज येत नाही, त्यांनी रांजण रिकामा न करता अळ्या कशा रोखाव्या. तो प्रश्न त्या आजींचा आहे, हे ती सर्वांना सांगते. बंधूंनी अद्याप होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

ज्यांची मुले आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी घाईने सांगतो. मार्गदर्शकांशी बोलणे पाचव्या सत्रातच सुरू करावे. सातवे सत्र उजाडेपर्यंत वाट पाहू नये. रानातील प्राणी-वनस्पतींवर काम करावयाचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा विद्यार्थी म्हणून कोणास सूट देत नाही, आणि परवानगी यावयास वेळ लागतो. माणसांकडून माहिती अथवा नमुने घ्यावयाचे असतील तर संमतीपत्र आणि महाविद्यालयाची मान्यता आधी हवी. आणि घरच्यांनी एवढे करावे की, बिया रुजण्याचे किंवा अळ्या मोजण्याचे दिवस चालू असताना मुलीला लग्नकार्यासाठी चार दिवस गावी नेऊ नये. वनस्पती आणि प्राणी आपला मुहूर्त पाहात नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मंडळापुढे आहे. आपला विद्यार्थी साहाय्यनिधी पदवीसाठी 'तीन वर्षांपर्यंत' दिला जातो. हा नियम केला तेव्हा पदवी तीन वर्षांचीच होती. साहाय्य समितीचा सभासद म्हणून मी स्वतः त्या नियमावर दरवर्षी सही करीत आलो आहे. तेथे 'तीन किंवा चार वर्षांपर्यंत' असा बदल व्हावा, आणि क्षेत्रावरील कामाच्या प्रवासखर्चासाठी निधीतून काही अल्प रक्कम वेगळी ठेवावी, असा लेखी ठराव मी चिटणीसांकडे दिला आहे. माझी पुतणी आज ना उद्या अर्जदार होण्याचा संभव असल्यामुळे ठरावावरील मतदानात मी भाग घेणार नाही, हेही त्यात लिहिले आहे. पुढील सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचा समावेश व्हावा, एवढी अध्यक्षमहाराजांस विनंती करतो.